हळदीची गिटार

आमच्या जवळा बाजार गावात ज्यांच्यासोबत रस्त्यानं चालायला मी लाजायचो असा एकच माणूस, आणि ते माझे शिक्षक. बाकी कुणाला मी लाजत नाही. धंदाच तसा आहे माझा. मंडप, साऊंड आणि बँजो पार्टी. लग्नघरी जाऊन यजमानाशी घासाघीस करायची तर लाज घरी ठेवून निघावं लागतं. पण सर सोबत असले की तोच बाजाराचा रस्ता मला संपता संपायचा नाही.

दार दिसलं की सर ते वाजवायचे. बोटं वाकवून पेरांनी टकटक करायची, कान फळीला लावायचा, मग जरा खाली पुन्हा टकटक. आतलं माणूस हातातलं काम टाकून यायचं, दार उघडायचं, "या सर, या" म्हणायचं. सर म्हणायचे, "तुमचं काम न्हाई. दाराशी बोलून राहिलो," आणि पुढं निघायचे. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, म्हणून गावानं ते चालवून घेतलं. एकदा तर ते एका पुढाऱ्याच्या दाराला कान लावून इतका वेळ उभे राहिले, की आतलं नवराबायकोचं भांडण त्यांनी शब्दन् शब्द ऐकलं असणार असं समजून तो पुढारी कित्येक दिवस त्यांना दबून होता. सरांनी ऐकलं होतं ते एवढंच, की चौकट सागाची आहे, फळी आंब्याची आहे आणि सुतारानं साहेबांना फसवलंय.

माणसंही ते लाकडावरून ओळखायचे. हेडमास्तर म्हणजे निंब: दिसायला डेरेदार, चवीला कडू, पण कीड लागत नाही. स्वतःच्या बायकोला सागवान म्हणायचे. ती म्हणायची, "म्हणून तर जन्मभर रंधा मारून राहिले." मला ते बाभूळ म्हणायचे. शाळेत असताना मी धीर करून विचारलं, "सर, बाभूळ चांगली का वाईट?"

"औत बाभळीचंच लागतं," ते म्हणाले. मी खूश झालो. मग म्हणाले, "पण बाभळीची वीणा आजवर कुणी केलेली न्हाई."

वर्ग हसला. तेव्हापासूनचा राग काढत बसलो तर फार लांबेल, म्हणून तो सोडून देतो.

ते आम्हाला चित्रकला शिकवायचे. चित्रकलेत स्मरणचित्र नावाचा एक प्रकार असतो, पाहिलेलं आठवून काढायचं. दुसऱ्या शाळांतली पोरं जत्रा काढायची, पाणवठा काढायची, पोळा काढायची. आमचे सर फळ्यावर गिटार काढायचे, पुसायचे आणि म्हणायचे, "आता आठवा." आमच्यापैकी एकानंही गिटार पाहिलेली नव्हती. माझा बाप मेंढ्या वळायचा. घरात वाजणारी वस्तू म्हणजे मेंढीच्या गळ्यातली घंटा. तरी आजही डोळे मिटून मला त्या गिटारीचं अंग काढता येतं. वरचं शिंग लांब, खालचं आखूड, कंबर एका बाजूनं जास्त खाल्लेली. तपासणीला साहेब आले तेव्हा वर्गभर गिटारीच गिटारी. साहेबांनी विचारलं, "इथं कुणाकडे आहे का हो ही?" सर म्हणाले, "न्हाई साहेब. म्हणून तर आठवावी लागते."

खरं म्हणजे त्यांच्या घरी एक होती, पण ती वाजत नव्हती. नांदेडच्या भंगारातून आणलेली जुनी जपानी गिटार, मान मोडलेली, पोटावर आवाज बदलायच्या खटक्यांची रांग. दुसरी नुसती फोटोत. कुठल्याशा परदेशी मासिकातून कापलेला तो फोटो: पोकळ अंगाची अमेरिकन गिटार, मध्ये पिवळी आणि कडेला काळी होत गेलेली. असल्या गिटारी आता जगात थोड्याच उरल्यात, आणि ज्यांच्याकडं आहेत ते वाजवत नाहीत, तिजोरीत ठेवतात, असं सर सांगायचे. सांगताना त्यांचा आवाज असा व्हायचा, की जणू कुणाला विनाकारण कोंडून घातलंय.

या दोन्हींची मिळून त्यांना एक करायची होती. अंग फोटोतलीचं, आवाज जपानीचा, आणि त्यात तिसरी गोष्ट आपल्याकडची, बँजोच्या कळा. आमच्याकडचा बँजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेली लांबट पेटी. गळ्यात अडकवायची, एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्यानं तारा छेडायच्या. गिटारीच्या तारा बोटांनी दाबणारा माणूस इकडं शोधून मिळत नाही, बटणं दाबणारे गल्लोगल्ली आहेत, असं सरांचं म्हणणं. म्हणून वरच्या तारा बोटांसाठी आणि खालच्या कळांसाठी. नोकरीभर त्यांनी ती कागदावर काढली. ड्रॉइंगशीट एकाला एक चिकटवून खऱ्या मापाचं चित्र भिंतीवर लावलेलं असायचं. दर उन्हाळ्यात ते फाडायचे आणि नवं काढायचे. कंबर थोडी सरकलेली असायची, बाकी तेच.

लाकूडही त्यांनी मिळवून ठेवलं होतं, आणि ते ज्या रीतीनं मिळवलं त्यावर आमचा बाजार बरेच दिवस हसला. त्यांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी गोरेगावला चालली होती. मुलाचे वडील भला माणूस. म्हणाले, "आमाला काही नको. मुलगी आन् नारळ." सगळ्यांना बरं वाटलं. सर तेवढ्यात गोठा बघून आले होते. ते म्हणाले, "तुमाला न्हाई ना काही पायजे? मग मला पायजे."

त्यांना जनावरांची गव्हाण पाहिजे होती. शिवणीच्या एका खोडातून कोरलेली, कुणाच्या आजोबाच्या काळातली, बैलांनी चाटून चाटून आतून काचेसारखी केलेली. मुलीच्या बापानं मागितलेला हुंडा म्हणून ती गोष्ट अजून सांगतात. गव्हाण जीपच्या टपावर बांधून आली. सरांच्या बायकोनं त्यांच्याशी बोलणं टाकलं, पुन्हा बोलायला लागली तेव्हा पहिलं वाक्य हे, "जावयाचे बैल आता कशात खाऊन राहिले ते तरी इचारा."

आता माझं सांगतो. मी सौदा शिकलो तो बापामागं जनावरांच्या बाजारात. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं धरून भाव सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. बाप भोळा. दलाल त्याची बोटं सहज मिटवायचे आणि तो मान हलवायचा. मी तेव्हाच ठरवलं, की माझी बोटं कुणी मिटवणार नाही, मीच दुसऱ्याची मिटवीन. तेवढ्या एका गोष्टीवर मी दुकान उभं केलं. मला कुणी हात दिला नाही. तापट म्हणतात, चिक्कू म्हणतात, म्हणू देत.

डीजेच्या भिंतींवर पोलिसांची नजर पडायला लागली तसे बँजो पार्टीचे दिवस परत आले. पण परभणीकडच्या पार्ट्या आमच्या पुढं निघून गेल्या होत्या. कीबोर्ड काय, चमचमते कोट काय. आमची गिऱ्हाइकं तिकडं जायला लागली, आणि एक हंगाम अजून असा गेला असता तर पार्टी मोडावी लागली असती. लोक आता कानांनी कमी आणि मोबाईलनं जास्त ऐकतात. मला अशी वस्तू पाहिजे होती की ती बघून हात आपोआप खिशाकडं जावा. तेव्हा मला सरांची भिंत आठवली.

सर निवृत्त झालेले. मी म्हटलं, "सर, ती भिंतीवरची करून द्या."

"कोणाला?"

"मला. पार्टीला."

ते आत गेले. माठातून पाणी घेतल्याचा आवाज आला, मग पुन्हा घेतल्याचा. बाहेर आले तेव्हा चेहरा शाळेतला होता, पण मिशी ओली. उभ्या जन्मात कुणीतरी पहिल्यांदा त्यांची गिटार मागितली होती. हे मला तिथंच कळलं, आणि समोरच्याची नड कळली की माझी बोटं शिवशिवतात.

ते एकेक सांगत गेले, मी एकेक कापत गेलो. आवाज उचलणारे पिकअप चार म्हणाले, मी दोनावर आणले. खटक्यांची रांग अर्धी केली. ते "बरं" म्हणत होते. समोरचा ओढत नसला की सौद्यात मजा येत नाही, मला उलटा राग यायला लागला. शेवटी रंग निघाला. रंग ते हळदीचा देणार होते. "हिंगोली जिल्ह्यात बसून दुसरा पिवळा काहून आणायचा?" त्यावर गाडीला मारतात तसलं पारदर्शक लॅकर, तीन हात. त्यांनी तीन बोटं समोर धरली. मी सवयीनं खिशातला रुमाल काढून त्यांच्या हातावर टाकला आणि खालून दोन बोटं मिटवली.

"एक हात सर. चमक आली की बास."

"तीन लागतात."

"काहून?"

"मी एकदाच सांगत असतो," सर म्हणाले, आणि उरलेलं एक बोट रुमालाखालून काढून घेतलं.

इथं माझी तक्रार आहे, आणि ती मी अजून सोडलेली नाही. मी कारण विचारलं होतं. एक वाक्य बोलले असते तर मी तीन काय, चार हात मारू दिले असते. पण सरांना कारण सांगणं कमीपणाचं वाटायचं. शाळेतही ते चुकलेल्या चित्रावर फुली मारायचे, काय चुकलं ते पोरानं शोधायचं. असतो एखाद्याचा ताठा, पण त्याची झळ दुसऱ्यानं काहून सोसावी?

गिटार होईपर्यंत त्यांनी माझा जीव खाल्ला. मी जाऊन ओरडायचो, "सर, लग्नं उरकून चालली." ते गव्हाणीचा तुकडा पॉलिशपेपरनं घासत म्हणायचे, "लग्नं पुढल्या साली बी व्हतात." हळद स्पिरिटमध्ये भिजवून कापडाच्या बोळ्यानं त्यांनी ती अंगात जिरवली आणि कडेला काजळी. पिवळ्याचा काळा नेमका कुठं होतो तिथं बोट ठेवून दाखवा म्हटलं तर कुणाला दाखवता आलं नसतं. मला ती बघताक्षणी आवडली. मी तसं बोललो नाही. सर मात्र खाटेवर बसून तिच्याकडं वाकडं तोंड करून बघत होते. "लई नवी दिसून राहिली."

"नवीच आहे सर."

"तेच ना."

वाजवून बघायला मी दत्ताला नेलं. दत्ता आमचा बँजोवाला. तोंडात कायम तंबाखू, म्हणून बोलायचा कमी. त्यानं कळ दाबून तार छेडली. बँजोचा आवाज टोचतो. हा टोचत नव्हता. गोठ्यात बैलानं मान हलवावी आणि गळ्यातलं वाजावं तसा तो गोल होता, आणि मग बराच वेळ राहिला. सरांची बायको पिठाच्या हातांनी बाहेर आली. "ही आपली गव्हाण?" तिनं विचारलं. सर भिंतीवरच्या चित्राकडं तोंड करून उभे होते. ते वळले नाहीत.

पहिली सुपारी मी मोठी धरली. हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाचं लग्न, सिद्धेश्वर धरणाजवळच्या गावात. तिथं नाव झालं असतं तर हंगाम आमचा होता. सर न बोलावता आले. इस्त्रीचा सफारी, खिशाला पेन. मी त्यांना टेम्पोत पुढं बसवलं नाही. मागं साऊंडच्या पेट्यांत बसवलं. नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची मिरवणूक, मारुतीकडं निघाला, तसे ते दत्ताच्या बाजूनं चालायला लागले. रस्त्यातलं एकही दार त्यांनी त्या दिवशी वाजवलं नाही.

आणि जमलं. पहिल्याच गाण्याला मोबाईल वर झाले. पोरं नाचायची सोडून गिटारीचा व्हिडिओ काढायला लागली. व्यापाऱ्यानं स्वतः येऊन विचारलं, "हे काय म्हणायचं?" मी म्हटलं, "आमचं स्पेशल." सरांनी ऐकलं, पण खालीच बघत चालत राहिले.

दत्ता दोन गाण्यांच्या मध्ये तंबाखू मळायचा. ऊन, घाम, आणि अंगठ्याला चुना. तोच हात गिटारीच्या अंगावर. एका हाताचं लॅकर पट्ट्यानं आणि मनगटानं घासून कधीच गेलं होतं. मारुतीचं देऊळ दिसायला लागलं, तेव्हा पिवळ्यावर एक लाल बोट उमटलं. मग दुसरं. मग आख्खा पंजा.

"अगं माय," कुणी म्हातारी म्हणाली, "रगत."

वऱ्हाड थांबलं. बायका नवरदेवाच्या घोड्याला आडव्या झाल्या. नवरदेवाचे काका ओरडत आले, "बंद करा ते. झाका आधी." दत्ता स्वतःचा हात उलटासुलटा करून बघत होता, कुठं कापलंय ते.

मी काही बोलायच्या आत सर पुढं झाले. आवाज वर्गातला. "रगत न्हाई. हळदीला चुना लागला की लालच होती. तुमच्या देव्हाऱ्यातलं कुंकू काय आभाळातून पडलं? हळदीचे व्यापारी तुमी, आन् मी सांगू तुमाला?"

लोकांना पटलं. व्यापारी हसला. म्हातारीनं गिटारीला बोट लावून ते कपाळाला टेकवलं. सर तिथं थांबले असते तर मी भर रस्त्यात त्यांच्या पाया पडलो असतो. पण काकांनी विचारलं, "बराबर आहे मास्तर, पण अशी कच्ची वस्तू शुभकार्यात काहून आणली?"

सरांनी हात वर केला. तीन बोटं. "मी इतके हात सांगितले." मग दुसऱ्या हातानं त्यातली दोन मिटवली आणि माझ्याकडं मान केली. "यानं इतक्यावर आणलं."

आधी काका हसले, मग वऱ्हाड हसलं, मग घोड्यावरचा नवरदेव. मोबाईल वर होतेच. मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही. सरांना मी अरे-तुरे केलं, "मास्तर आहेस तर शाळंत बस" म्हणालो, आणि हे मी शंभर माणसांत बोललो. सरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते दत्ताला म्हणाले, "तू वाजव. वऱ्हाड उभं आहे."

तो व्हिडिओ गावोगाव फिरला. पार्टीचं नाव झालं, पण ते असं. मी रस्त्यानं निघालो की पोरं एक बोट वर करायची. सुपारी द्यायला आलेला माणूस विचारायचा, "शेठ, मंडपाला चारी बाजूंनी कापड लावता ना? का एकाच?" मी मान खाली घालून हसायचो. मला चारचौघांत स्वतःवर हसून घ्यायची सवय नाही. दुकानात एकटा असलो तरी कान गरम व्हायचे.

काही दिवसांनी सर दुकानात आले. चुकलं वगैरे काही नाही. "दे इकडं. डाग काढून उरलेले हात मारून देतो. माझं काम अर्धं राहिलं."

"माल माझा आहे," मी म्हटलं.

"तुझाच आहे. वापस आणून देतो."

"न्हाई देत."

ते पुन्हा आले, पुन्हा मी नाही म्हटलं. त्यांच्या आयुष्यात तेवढी एकच गिटार झाली होती आणि ती माझ्या माळ्यावर गोणपाटात होती. हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच देत नव्हतो. मग ते डोळ्यांच्या ऑपरेशनला हिंगोलीला गेले आणि तिथून आरामाला मुलीकडं गोरेगावला. उन्हाळाभर आले नाहीत.

त्या लग्नात घातलेल्या माझ्या सदऱ्याला गिटारीची हळद लागली होती. बायकोनं धुतला तर डाग लाल झाला. ती म्हणाली, "हळदीचा डाग साबणानं जात न्हाई, उन्हानं जातो. गच्चीवर टाका." सदरा दोन उन्हांत कोरा झाला. तो हातात धरला आणि मला माळ्यावरची गिटार आठवली.

दुसऱ्या दिवशी गिटार माळ्यावरून काढली आणि दुकानासमोरच्या लोखंडी आकड्याला टांगली. आमच्याकडचं उन्हाळ्याचं ऊन काय असतं ते सांगायला नको. ज्या पिवळ्यावर त्यांनी एवढे दिवस घालवले तो पिवळा मला पुसायचा होता. परत येतील तेव्हा दारातच दिसावं. एकच बाजू उतरली तर दुसरीकडं त्यांची कारागिरी शिल्लक राहील, म्हणून मी दुपारी उठून ती फिरवायचो. समोरच्या टपरीवरचे मामा चहा गाळता गाळता बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, "शेठ, काहून वाळवून राहिले तिला?"

"मास्तराची मस्ती उतरवून राहिलो," मी म्हटलं, आणि त्यापुढं एक शिवी. नंतर रोज फिरवताना ती शिवी तोंडात यायची. मामा पुन्हा विचारायला आले नाहीत.

पिवळा गेला. लाल बोटं गेली. लाकूड तडकेल असं वाटलं होतं, तडकलं नाही.

सर आले ते बाजाराच्या दिवशी. डोळ्यांना काळा चष्मा, हातात पिशवी. गिटारीसमोर थांबले. मी आतून उठलो. काय बोलायचं ते मी उन्हाळाभर घोटून ठेवलेलं होतं. सरांनी चष्मा काढला. पापण्या पाणावल्या होत्या, ऑपरेशननं की उन्हानं कोण जाणे. जवळ जाऊन तिच्या कंबरेवर टकटक केली, कान लावला. मग मागं सरकून पुन्हा बघितलं. मीही पहिल्यांदा नीट बघितलं. मध्ये जुन्या तुपासारखा रंग राहिला होता, कडेला काजळी विरत गेलेली, आणि त्याखालून शिवणीच्या रेघा वर आलेल्या.

"कोणी सांगितलं तुला?" सरांनी विचारलं.

मी दुकानाच्या दारापर्यंत आलो.

"फोटोतली अशी रंगवलेली न्हाई. तिचा रंग उन्हानं उतरलेला आहे. लोक त्या उतरलेल्या रंगासाठी जीव टाकून राहिले. मी नवी हळद लावून तो रंग मागत व्हतो, आन् तो येईना. म्हटलं, याला वर्षं लागतात. माझ्याकडं कुठली वर्षं?" त्यांनी तिच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. "आता वरातीत ने. दत्ताला खाऊ दे तंबाखू. हळदच उरली न्हाई तर चुना कोणाला लाल करणार?"

रस्त्यावरचे लोक थांबले होते. सर त्यांना सांगायला लागले. "या माणसाला नजर आहे. मी शाळेत याला ओळखलं न्हाई." मला ते ऐकवेना. मी म्हणालो, "सर, मी रागानं टांगली व्हती."

"राग व्हताच की," सर म्हणाले. "तुला काय, मला बी व्हता. राग असून केलंस." मग जरा जवळ येऊन, एखाद्या कारागिरानं दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं, "दोन्हीकडून बराबर उतरली. फिरवत व्हतास काय?"

"व्हय."

"रोज?"

"रोज."

"काहून पण? तेवढं तर मला बी सुचलं नसतं."

"एक बाजू राहू नये म्हणून," मी म्हणालो. ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

सर टपरीकडं वळले. "ऐकलं का मामा? एक बाजू राहू नये म्हणून, म्हणून राहिला. रोज फिरवली लेकरानं. उन्हात उभं राहून."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी चहा गाळला, दोन पेले भरले, रस्ता ओलांडून आले, आणि सरांनी हात पुढं केलेला असताना पहिला पेला माझ्यासमोर धरला. "घ्या शेठ," ते म्हणाले. सगळे बघत होते. मी तो घेतला.